जोखा अल-हारथींबद्दल फिरणाऱ्या मजकुरात काय चुकलंय

‘ओमानच्या जोखा अल-हारथी देश सोडून ब्रिटनला गेल्या, इंग्रजीत पहिली कादंबरी लिहिली आणि तिला 2019चं बुकर मिळालं. अरब बाईवरच्या जुलमाची कहाणी!’ हा मजकूर सारखा पुढे ढकलला जातो. त्यातलं पुरस्काराचं वर्ष तेवढं खरं.

देश सोडला? त्या एडिंबरा विद्यापीठात अभिजात अरबी काव्यावर पीएच.डी. करायला गेल्या होत्या. परतल्यावर मस्कतच्या सुलतान काबूस विद्यापीठात अरबी साहित्य शिकवू लागल्या.

इंग्रजीत लिहिली? उलट, प्रबंध इंग्रजीत लिहिताना आपल्या भाषेची ओढ लागली म्हणून त्या ही पुरस्कार मिळालेली कादंबरी अरबीत लिहू लागल्या. तीच ‘सय्यिदात अल-कमर’, 2010 मध्ये बैरुतच्या दार अल-आदाब या प्रकाशनाने काढली. मॅरिलिन बूथ यांचा इंग्रजी अनुवाद स्कॉटलंडच्या सँडस्टोन प्रेस या छोट्या प्रकाशनाने 2018 मध्ये आणला. आणि पहिली कादंबरी ‘मनामात’, ती 2004ची.

बुकरचा घोळ मोठा आहे. 2019चं मूळ बुकर मार्गारेट अ‍ॅटवुड आणि बर्नार्डिन एव्हारिस्टो यांना विभागून मिळालं. अल-हारथींना मिळालं ते मॅन बुकर इंटरनॅशनल, म्हणजे आताचं इंटरनॅशनल बुकर. ते इंग्रजीत अनुवाद होऊन ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकाला देतात. 50,000 पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. हिंदी लेखिका गीतांजली श्री आणि त्यांच्या अनुवादक डेझी रॉकवेल यांना 2022 मध्ये मिळालेला पुरस्कार हाच. मूळ अरबी पुस्तकाला हा मान पहिल्यांदा मिळाला तो 2019 मध्ये. बूथ यांचं नाव गाळलं की अर्धा पुरस्कारच गाळला जातो.

‘बाईवरच्या जुलमाची कहाणी’ हे तर पुस्तक न उघडताच लिहिलेलं दिसतं. अल-अवाफी गावातल्या मय्या, अस्मा आणि खौला या तीन बहिणींची लग्नं त्यात आहेत, पण प्रथमपुरुषी निवेदन एका पुरुषाचं आहे: मय्याचा नवरा अब्दल्ला. फ्रँकफर्टच्या विमानात बसून तो बापाचा धाक आठवतो. त्याला वाढवलं घरातल्या गुलाम स्त्रीने, झरीफाने. ओमानमध्ये गुलामगिरी 1970 मध्ये बंद झाली. त्यानंतर मालक आणि गुलाम एकाच गावात कसे राहिले, कोण निघून गेलं, कोणाला निघवेना, हा या कादंबरीचा गाभा आहे. झरीफाचा मुलगा संजर कुवेतला जातो. फिरणाऱ्या मजकुरात गुलामगिरीचा उल्लेखही नाही, आणि आम्हाला सर्वांत जास्त तेच खटकतं.