कोड पुसायचं चुकलंच, वाचायचं नाही

दादा, नमस्कार. कुपवाडहून तुम्ही लिहिलंय, ‘पाचशे रुपयांचं खेळणं लावून कोड वाचला म्हणून कुणी मिस्त्री होत नाही. तुमचं वाचून लोक लाइट पुसून येतात आणि आमच्या डोक्याला ताप.’ आधी राग आला. मग ‘चेक इंजिन’ लाइट लागला की स्वस्त स्कॅनर लावून घरीच कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर) वाचण्याबद्दलचा माझाच लेख परत वाचला, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले.

पुसण्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. ‘आधी कोड पुसा, परत आला तरच गॅरेजला जा’ हे वाक्य मी आज काढून टाकलं. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही (कोड आला त्या क्षणीच्या इंजिनच्या आकड्यांची नोंद) पुसली जाते, आणि खरा माल तिथेच असतो. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला पी0303 आला होता, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. सांगलीत गाडी एकदम गुळगुळीत. फ्रीझ फ्रेममध्ये मात्र लोड, म्हणजे इंजिनवरचा ताण, 92 टक्के. म्हणजे लाइट लागला तो खंबाटकी चढताना. त्याने तिसऱ्याची इग्निशन कॉइल (ठिणगीला वीज देणारी) पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर टाकली. पुढच्या चढाला कोड आला पी0301. कॉइलच गेलेली! पुसून आला असता तर गावातल्या गावात फिरवून तुम्हाला काय सापडणार होतं? (लाइट लुकलुकत असेल तर मात्र असले प्रयोग नकोत, गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट.)

पण गिऱ्हाइकाने कोड वाचूच नये, हे काही पटत नाही. कारण सांगतो.

दिवाळीत वाळवा तालुक्यात आमच्या गावी होतो. गाडी आठ दिवस उसाच्या कडेला उभी. परत आल्यावर लाइट लागला, पी0171, मिक्श्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. एका गॅरेजमध्ये (तुमच्या नव्हे) मशीन लावलं, आकडा बघितला आणि ऑक्सिजन सेन्सर बदलला. चौथ्या दिवशी लाइट हजर. सेन्सर बिचारा नुसती चहाडी करत होता आणि चहाडी खरी होती.

मग मी मोबाइलवर फ्युएल ट्रिम बघत बसलो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, तो हा आकडा. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असताना, अधिक 22. ॲक्सिलरेटर देऊन 2500 आरपीएमवर धरलं तर अधिक 5. हवा मोजणारा सेन्सर चुकवून कुठून तरी हवा आत जात असेल तर ती आयडलला जाणवते, कारण तेव्हा इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं. पेट्रोलचा पंप कमजोर असता तर उलट झालं असतं, लोडवर आकडा वाढला असता. बोनेट उघडून कान लावला तर मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) मागे बारीक सूंऽऽ आवाज. टॉर्चचा उजेड टाकून, हात घालून पाइप ओढला: पीसीव्हीचा (इंजिनमधली वाफ परत आत ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) रबरी पाइप, त्यावर उंदराच्या दातांच्या दोन ओळी. नवा पाइप सेन्सरच्या मानाने किरकोळ पैशात आला. आता ट्रिम अधिक 3 वर आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती मीच कबूल करतो. हा हिशोब एअर फ्लो सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर, असलेल्या गाडीचा. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवाल्या गाडीत तीच गळती वेगळी दिसते, बरेचदा लीनचा कोडच येत नाही, नुसतं आयडल चढतं. लेखात मी सगळ्या गाड्या एकाच दावणीला बांधल्या होत्या. तेही दुरुस्त केलंय.

माझं म्हणणं एवढंच की गिऱ्हाइकाने कोड आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घेऊन तुमच्याकडे यावं आणि काही पुसू नये. बदलायचं काय ते तुम्ही ठरवा.

आणि हो, सकाळी पहिल्या स्टार्टला आयडल अजून जरा हलतं. मी थ्रॉटल बॉडी (इंजिनमध्ये हवा किती जाईल ते ठरवणारी झडप) साफ करणार होतो, पण आता तुमच्या धाकाने हात लावला नाही. रविवारी गॅरेज उघडं असतं का?