नोकरी दिवसाचे किती तास शोधावी?

घरचे जागे असतात तेवढे. कमी शोधलीत तर मेहनत नाही, आणि जास्त शोधून उपयोग नाही, कारण बघायला कोणी नसतं.

सकाळी डोळे उघडल्याबरोबर अ‍ॅपवर प्रोफाइल अपडेट करावं. म्हणजे एक पूर्णविराम काढायचा आणि परत टाकायचा. मग पोहे होईपर्यंत पंचवीसेक ठिकाणी 'अप्लाय' दाबावं. जाहिरात वाचू नये. वाचली की आपल्याला ते काम येत नाही हे कळतं आणि आकडा घसरतो. रेझ्युमे एकच ठेवावा, ज्यात 'हार्डवर्किंग' आहे आणि छंदात 'वाचन'. कंपनीगणिक मापं बदलायला आपण काय शिंपी आहोत?

दहाला अभ्यासिका. संभाजीनगर असो, लातूर असो, खुर्चीवर उशी आणि टेबलावर पाण्याची बाटली ठेवून जागा धरावी आणि खाली चहाला यावं. खरा अभ्यास तिथंच चालतो: कोणती जाहिरात कधी निघणार, कोणती कोर्टात अडकली, कटऑफ किती लागणार. २०२३च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. म्हणजे एका जागेमागे दोनशेवर माणसं, आणि फी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. हा हिशेब टपरीवर मांडू नये. मांडणारा पोरगा एक दिवस वाळूजला कंपनीच्या गेटवर उभा दिसतो आणि ग्रुपला त्याची काळजी वाटायला लागते.

वाळूज, शेंद्र्याला आपल्या गावचं कोणी असेल तर त्याला चुकूनही फोन करू नये. "दादा, तुमच्याकडं क्वालिटीत माणूस पाहिजे का?" एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात, बाकीच्या दिवसाचं काय करणार? शिवाय उत्तर मिळायचा धोका असतो. आतून कळलेल्या बऱ्याच जागांची जाहिरातच निघत नाही, मग स्टेटसला काय ठेवायचं?

लग्नकार्यात मामा गाठतोच.
"काय करायलास रे सध्या?"
"प्रयत्न चालू हैत की, मामा."
"कुठं?"
"सगळीकडं."
इथं एका कंपनीचं नाव घेतलं की संपलं. पगार किती, कायम का ठेकेदाराकडून, जेवण देतात का, पंगत उठेपर्यंत सुटका नाही.

आमच्या गल्लीतली एक पोरगी रोज सकाळी फक्त दोन तास बसायची. आठवड्याला चार-पाच अर्ज, प्रत्येक निराळा, आणि अर्ज गेला की तिथल्या कोणाला तरी गाठून विचारायची. दुपारी बापाच्या दुकानाचा हिशेब टॅलीवर. दोन तासात काय नोकरी शोधून होते? पोरीला गरजच दिसत नाही, असं गल्लीचं एकमत होतं. तिलाच चार शब्द लिहायला सांगणार होतो, पण ती सकाळी कंपनीच्या बसने चिकलठाण्याला जाते ती अंधार पडल्यावर येते. म्हणून मग आम्ही लिहिलं. आम्हाला वेळ असतो.