‘गरोदरपणात घरी बीपी मोजू नका’ या फॉरवर्डला उत्तर

मुंबईतल्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: गरोदर बाईने घरी बीपी मोजू नये, मशीन चुकीचं दाखवतं, थोडं वाढणं नॉर्मलच, गोळ्या बाळाला घातक, त्यापेक्षा मीठ तोडा आणि बीटाचा रस प्या, बाळंतपण झालं की बीपी आपोआप जातं. हे वाचून एखादीने गोळी बंद केली तर दोन जिवांशी खेळ होईल, म्हणून उत्तर देते.

मशीन चुकीचं? बहुतेकदा मोजायची पद्धत चुकते. लोकलमधून उभ्याने आलेली, स्टेशनचा पूल आणि चाळीचे तीन जिने चढलेली सून चपला काढते न काढते, तोच सासूबाई काळजीने कुर्त्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात. मग आकडा खरा कसा येणार? आधी लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं न बोलता बसावं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा नको. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहावेत. दंड जाड असेल तर मोठा पट्टा हवा, लहान पट्ट्याने आकडा फुगतो. काही डिजिटल मशीन प्रीएक्लॅम्पसियात (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवर परिणाम होणारा आजार; त्यात बहुधा लघवीतून प्रोटीन जातं) आकडा कमी दाखवतात, हे मात्र खरं. म्हणून मशीन पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि तिथल्या मशीनशी ताडून बघा. तपासणी मात्र चुकवू नका. लघवीतलं प्रोटीन काही बीपीच्या मशीनवर दिसत नाही.

‘थोडं वाढणं नॉर्मल’ हे तर साफ चूक. मधल्या महिन्यांत बीपी उलट जरा उतरतं. 140/90 किंवा वर गेलं, दोन्हींपैकी एक आकडा गेला तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. 160/110 दिसलं तर थोडं थांबून पुन्हा मोजा, आणि तेवढंच आलं तर थेट हॉस्पिटल; गाडी नसेल तर 108. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, चेहरा अचानक सुजणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काही असेल तर आकडा चांगला असला तरी निघा.

गोळ्यांचं म्हणाल तर लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा गरोदरपणात वर्षानुवर्षं दिल्या जातात. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, आधीपासून बीपी असलेल्या गरोदर बायकांना औषध देऊन ते 140/90 च्या खाली ठेवल्यावर गुंतागुंत कमी झाली आणि बाळं कमी वजनाची होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या मात्र खरंच चालत नाहीत; त्या चालू असतील तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांकडून बदलून घ्या. बीट आवडत असेल तर खा, पण ते औषध नव्हे.

शेवटचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सर्वात वर जाऊ शकतं. तोवर बाई घरी आलेली असते, सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं आणि तिची डोकेदुखी जागरणावर ढकलली जाते. प्रीएक्लॅम्पसिया सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो, झटकेही येऊ शकतात. बाळंतपणाला कोकणात माहेरी जाणार असाल तर मशीन, वही आणि गोळ्यांची चिठ्ठी बॅगेत हवीच. डिस्चार्ज घेतानाच विचारून घ्या: किती दिवस मोजायचं, गोळी कधी कमी करायची आणि रात्री-अपरात्री कुठे जायचं.