हक्क कर्तव्यांच्या अटीवर दिलेले नाहीत

विडी कामगार महिलांचा मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर गेला की सोलापुरात एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. वर चार हुतात्म्यांचे चित्र आणि खाली मजकूर असा, की घटनेने आधी कर्तव्ये सांगितली आहेत, ती पाळणाऱ्यालाच हक्क मिळतात, आणि मजुरी किंवा बाळंतपणाची रजा या गोष्टी मार्गदर्शक तत्त्वांतल्या, म्हणजे राज्याने कोणते धोरण धरावे हे सांगणाऱ्या घटनेतल्या भागातल्या, असल्याने त्यांना कायद्यात काही किंमत नाही. मी अनेक वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. माझेच विद्यार्थी हा मजकूर पुढे पाठवतात तेव्हा फार वाईट वाटते, म्हणून त्याला उत्तर देतो.

‘आधी कर्तव्ये’ हे म्हणणे इतिहासालाच धरून नाही. १९५० साली अमलात आलेल्या घटनेत नागरिकांच्या कर्तव्यांचा भाग नव्हता. आणीबाणीत, स्वर्णसिंग समितीच्या शिफारशीनंतर, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१ क आणि त्यातली दहा कर्तव्ये आली. कर्तव्य न पाळणाऱ्याला शिक्षा करता यावी, असेही समितीने सुचवले होते. ते मात्र घटनेत आले नाही.

‘पाळणाऱ्यालाच हक्क’ हे त्याहून घातक आहे. अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगावे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असे अनुच्छेद २२ सांगतो. हक्क जर चांगल्या वागणुकीचे बक्षीस असते, तर ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्यासाठी घटनेने इतकी काळजी का घेतली असती? मोर्चेकऱ्यांनी रस्ता अडवला तर वाजवी निर्बंध घालणारे कायदे आहेत, आणि ते निर्बंध वाजवी आहेत की नाहीत हे न्यायालय तपासते. कर्तव्ये निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. कायद्याचा अर्थ लावताना न्यायालये त्यांचा आधार घेतात. पण मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयाच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आधी कर्तव्यांचा हिशेब द्यावा लागत नाही.

मार्गदर्शक तत्त्वांचे विधान मात्र अर्धे खरे आहे, म्हणूनच ते लवकर पटते. न्यायालयामार्फत ती थेट अमलात आणता येत नाहीत, हे अनुच्छेद ३७ सांगतो. पण ती देशाच्या शासनव्यवहारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हेही तोच अनुच्छेद सांगतो. संदेश लिहिणाऱ्याने हा अर्धा भाग गाळला.

याचा अर्थ काय होतो ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत दिसते. मांडीवर सूप, त्यात कापलेली पाने आणि तंबाखू, बोटाला दोरा. दिवसभर वळलेल्या विड्या घेऊन बाई कारखान्यात जाते आणि तपासणारा त्यांतल्या काही खराब म्हणून बाजूला काढतो. त्या विड्यांची मजुरी कोणी द्यायची? १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने अशा वादाच्या निवाड्याची सोय केली आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. निर्वाहाचे वेतन आणि प्रसूतिसाहाय्य यांविषयीची अनुच्छेद ४३ आणि ४२ मधली तत्त्वे अशी कायद्यात उतरतात. कारखानदारांनी व्यवसायस्वातंत्र्याचा मूलभूत हक्क पुढे करून या कायद्याला आव्हान दिले, तेव्हा १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. म्हणजे ज्यांना ‘किंमत नाही’ म्हणतात, त्याच तत्त्वांच्या दिशेने केलेला कायदा मूलभूत हक्काच्या कसोटीवर टिकला.

याचा अर्थ तत्त्वांसाठी हक्क कुठेही बाजूला सारता येतात, असा नाही. ४२ व्या दुरुस्तीने तसा प्रयत्न केला होता. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात हक्क आणि तत्त्वे या दोहोंतला समतोल हाच घटनेच्या मूलभूत चौकटीचा, म्हणजे दुरुस्ती करूनही मोडता न येणाऱ्या गाभ्याचा, भाग ठरवून न्यायालयाने तो रद्द केला.

आता त्या बाईच्या मुलीच्या शाळेचे पाहा. मुलांना मोफत शिक्षण मिळावे हे आधी अनुच्छेद ४५ मधले तत्त्व होते. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात न्यायालयाने त्याच्या आधारे ते जीविताच्या हक्कात वाचले. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने ते सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी अनुच्छेद २१ क म्हणून स्वतंत्र हक्क झाले, आणि त्याच दुरुस्तीने पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे अकरावे कर्तव्य ठरवले. आईने मुलीला शाळेत न घालता विड्या वळायला बसवले, तर कर्तव्य आईचे चुकले. मुलीचा हक्क तेवढ्याने जात नाही, आणि तिच्यासाठी शाळा चालवण्याच्या जबाबदारीतून राज्यही सुटत नाही.