तिसऱ्यांदा तेच दुखणे

काल लॅपटॉपच्या पडद्यावर पुन्हा हिरव्या-जांभळ्या उभ्या रेघा उमटल्या आणि इंदूरच्या जेल रोडवरच्या दुरुस्तीच्या दुकानाची वारी तिसऱ्यांदा माझ्या कपाळी आली. मागच्या दोन्ही वेळा ‘ग्राफिक्स कार्ड दुरुस्त केले’ असे सांगून साडेतीन-साडेतीन हजार रुपये घेतले गेले. वास्तविक माझ्या लॅपटॉपात सुटे काढता येईल असे कार्डच नाही; पडद्यावरचे चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप थेट मदरबोर्डावर, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीवर, सोल्डरने (वितळवून जोडणाऱ्या धातूने) बसवलेली आहे. रोजच्या तापण्या-निवण्याने तिच्याखालच्या सोल्डरच्या बारीक गोळ्यांना किंवा चिपच्या आतल्या जोडांना तडे जातात आणि गरम हवेचा झोत दिला की ते काही दिवसांपुरते सांधले जातात. मात्र बिघाड चिपच्या आतच असेल, तर गोळ्या नव्याने बसवूनही उपयोग नसतो, चिपच बदलावी लागते. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? नव्या मदरबोर्डाचे अठरा हजार सहा वर्षे वापरलेल्या यंत्रावर घालायला मन धजत नाही, आणि टाकून द्यावे तर कीबोर्ड, बॅटरी, पडदा सारे धडधाकट आहे. दुकानातला मुलगा म्हणतो, “भैया, एक बार और हीट मार देते हैं, चल जाएगा.” किती दिवस चालेल, असे विचारले की तो पावतीवरचा ‘नो गॅरंटी’चा शिक्का दाखवतो.