फक्त एक पान

घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम मीच घातली. कुणी मागितलं नव्हतं. परवान्याचा खर्च नाही, सगळं आपल्या ताब्यात, असं महिनाभर कानीकपाळी ओरडत होतो, तेव्हा बायकोने "घाल एकदाचं" म्हणून सुटका करून घेतली. त्यामुळे काल रात्री ती "एक पान प्रिंट करून दे रे" म्हणाली, तेव्हा प्रश्न पानाचा नव्हता, माझ्या अब्रूचा होता.

प्रिंटर नवा, वायफायवाला. आधी त्याची घरच्या वायफायशी ओळख करून द्यायची. त्यासाठी त्याच्या कपाळावर दोन ओळींचा एवढासा पडदा, खाली दोन बाण आणि एक ओके. कीबोर्ड वगैरे काही नाही. पासवर्ड मीच ठेवलेला, वीस अक्षरांचा, कुणाच्या बापाला सापडणार नाही असा. प्रत्येक अक्षराला 'ए'पासून निघायचं, 'झेड' गाठायचं, मग मोठी लिपी, मग आकडे आणि सगळ्यात शेवटी चिन्हांची वस्ती. अकराव्या जागी 'ॲट' होतं. एकेकदा दाबलं तर अंगठा दुखतो, दाबून धरलं तर पडदा असा सुसाट सुटतो, की 'ॲट' कधी गेलं कळतच नाही. पुन्हा पूर्ण प्रदक्षिणा. सतराव्या अक्षराला चुकलो. मागे जायचं म्हणून जे बटण दाबलं ते 'रद्द'चं निघालं. बापाला न सापडणारा पासवर्ड पोरालाही जड गेला.

प्रिंटर एकदाचा वायफायवर आला. मग कॉम्प्युटर. लिनक्सवर छपाईचं खातं 'कप्स' सांभाळतं, १९९९ पासून. ब्राउझर उघडून आपल्याच मशीनच्या ६३१ क्रमांकाच्या पोर्टावर जायचं, की कचेरी उघडते. 'प्रिंटर जोडा' दाबलं. तिने नाव-पासवर्ड मागितला. दिला. म्हणाली, मनाई आहे. कारण माझं नाव 'एलपीॲडमिन' नावाच्या, छपाईच्या कारभाऱ्यांच्या गटात नव्हतं. मालक मी, अर्जदार मी, आणि नामंजूर झालेलाही मीच. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, जाऊन स्वतःची त्या गटात नेमणूक केली, प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता घातला, त्याचा शेवटचा आकडा ७. चाचणीचं पान पाठवलं. 'प्रोसेसिंग'. बराच वेळ 'प्रोसेसिंग'. मग 'पॉज्ड'. 'रिझ्यूम' दाबलं. पुन्हा 'पॉज्ड'. आमचं हे बराच वेळ चाललं.

"बाबा, सरका जरा," म्हणत मुलगी आली, तिने मोबाइलवर कुठंतरी टिचकी मारली आणि प्रिंटरने शेजारच्यांच्या मांजराचा फोटो मुकाट्याने काढून दिला. मी तिला समजावू लागलो, की फोनही प्रिंटरशी त्याच आयपीपी, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलच्या भाषेत बोलतो, त्यात काही जादू नाही. ती मांजर घेऊन निघून गेली.

गंमत म्हणजे या सगळ्या मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवण्याच्या, प्रकरणाच्या मुळाशी प्रिंटरच आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरना कागद अडकला की सगळ्यांना कळवणारी सोय प्रिंटरमध्ये करायची होती. त्यासाठी लागणारा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, त्यांना कुणी दिला नाही. ती गोष्ट त्यांच्या मनात राहिली आणि १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा केली. लिनक्सच्या कर्नलमध्येही, म्हणजे गाभ्यातही, प्रिंटरची नेमकी तक्रार कळली नाही, की 'एलपी-झिरो ऑन फायर', म्हणजे प्रिंटर पेटलाय, असा संदेश देण्याची सोय आहे. मला तो लिहिणाऱ्याबद्दल फार जवळीक वाटते.

साडेअकराला उलगडा झाला. मधेच मी 'एकदा करून बघू' म्हणून राउटर बंद-चालू केला होता. त्याने पत्ते नव्याने वाटले आणि प्रिंटर ७ वरून १२ वर राहायला गेला. ७ वर आता बायकोचा फोन होता. तासभर मी तिच्या फोनला चाचणीचं पान छापायला सांगत होतो. आणखी लाजिरवाणी गोष्ट अशी, की छपाईच्या यादीत तोच प्रिंटर पहिल्यापासून आपणहून येऊन बसला होता, नावानिशी. नेटवर्कवर दिसला म्हणून कॉम्प्युटरने परस्पर घेतला होता. मी तिकडे पाहिलं नव्हतं, कारण आपोआप झालेल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

तो निवडला, पान पाठवलं. प्रिंटर घरघरला, थांबला आणि पडद्यावर इंग्रजीत 'लेटर घाला' म्हणाला. अरे बाबा, लेटरच तर काढतोय! मग डोक्यात प्रकाश पडला: कॉम्प्युटरची भाषा मी अमेरिकन इंग्रजी ठेवलेली, म्हणून कागदही अमेरिकन 'लेटर' मापाचा धरला गेला होता. ट्रेमध्ये ए-फोर. सहा मिलिमीटर रुंदी आणि अठरा मिलिमीटर उंची, एवढ्यावर अडून बसला होता. माप बदललं. पान आलं. गरम, सरळ, सुरेख.

बायको जागीच होती. तिने वाचलं, सही केली आणि पान माझ्याकडे परत दिलं. "आता हे स्कॅन करून दे, उद्या सकाळी पाठवायचंय."

लिनक्सवर स्कॅनिंग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव 'सेन' आहे: स्कॅनर ॲक्सेस नाऊ ईझी. "झोप तू," मी म्हणालो, "पाच मिनिटांचं काम आहे." आणि टर्मिनल उघडलं.