‘लपवायचं काही नाही’ म्हणणाऱ्यांनी सेटलमेंट आठवावी

सोलापुरातल्या सोसायट्यांच्या, शाळेतल्या जुन्या मित्रांच्या, अगदी भिशीच्या ग्रुपवरही एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: ज्याच्या मनात पाप नाही त्याला कॅमेऱ्याची, आधारची, चौकशीची भीती नसते. गोपनीयतेच्या नावानं गळा काढतात ते काळा पैसेवाले. मोबाईल कंपन्यांना आपण सगळी माहिती हसत हसत देतो, मग सरकारनं विचारलं की पोटात का दुखतं? कंपनी जबरदस्ती करत नाही, नको असेल तर वापरू नका. माझी माहिती, मी देईन, इतरांना काय त्याचं? आणि देशाच्या सुरक्षेपुढे असले चोचले परवडत नाहीत. खाली तिरंगा, जोडलेले हात आणि ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’.

पाठवणारी माणसं वाईट नाहीत. बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, वेळेवर घरपट्टी भरणारे आहेत. म्हणून चेष्टा न करता एकेक मुद्दा घेतो.

मनात पाप नाही त्याला भीती कशाची?

पाप कुणाच्या मनात आहे, हे ठरवायचं कुणी? या मजकुराला वाटतं की प्रामाणिक कोण आणि गुन्हेगार कोण ही यादी आभाळातून पडते. ती माणसं करतात, आणि ज्यांच्या हातात सत्ता असते ती माणसं करतात. हे समजायला दिल्लीला जायची गरज नाही. एसटी स्टँडवरून रिक्षा करा आणि सेटलमेंटला सोड म्हणून सांगा.

1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. 1911 आणि 1924 मध्ये तो आणखी आवळला. तुम्ही काय केलं याला त्यात महत्त्व नव्हतं, कुठल्या जमातीत जन्मलात एवढं पुरत होतं. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमातींच्या माणसांची नावं रजिस्टरात चढली. बोटांचे ठसे केव्हाही घ्यायची मुभा सरकारला मिळाली. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेरगावी जायचं तर पास काढायचा. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात वसवलं गेलं, तीच ही सेटलमेंट, आणि त्यांतले कितीतरी जण शहरातल्या कापड गिरण्यांत कामाला जात. आत सरकारची हजेरी, बाहेर गिरणीचा भोंगा. ज्या मजुराचं येणंजाणंच दुसऱ्याच्या सहीवर चालतं तो पगारासाठी मालकाशी किती भांडणार? सरकारला बंदोबस्त मिळाला, गिरणीला हात मिळाले. सरकारी सत्ता आणि पैशाची सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा हिशोब जरा बारकाईनं बघावा.

त्या कुंपणातल्या बाईकडे लपवायला काय होतं? काहीही नव्हतं. नाव, ठसा, हजेरी, सगळं सरकारकडे होतंच. तेवढ्यानं ती निर्दोष ठरली नाही. उलट ते सगळं सरकारकडे होतं म्हणूनच तिला हलता येत नव्हतं.

मुंबई राज्यात हा कायदा 1949 मध्ये गेला, देशभरात 31 ऑगस्ट 1952 ला. पण सराईत गुन्हेगारांसाठीचा वेगळा कायदा 1959 मध्ये आलाच, आणि संशय जुन्याच वस्त्यांवर राहिला. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाला देशातल्या तुरुंगांच्या नियमावल्यांमधून जातीवरून काम वाटण्याच्या आणि विमुक्त (म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या) जमातींना जन्मानं गुन्हेगार मानण्याच्या तरतुदी काढून टाकायला सांगावं लागलं. म्हणजे रजिस्टर मिटल्यावर 72 वर्षांनीही त्याची शाई वाळली नव्हती.

आता आपल्याच चार हुतात्म्यांचं बघा. 12 मे 1930 ला सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं गेलं, ते रीतसर खटला चालवून, कागदोपत्री गुन्हेगार ठरवून. दर 12 जानेवारीला पुतळ्याला हार घालून परत येताना हाच मजकूर फॉरवर्ड करणारे लोक मी पाहिलेत. त्यांना विचारावंसं वाटतं: तेव्हा शहरभर कॅमेरे असते, तर त्यांचा उपयोग कुणाला झाला असता?

हे झालं दुष्ट सरकारचं. पण यंत्राला दुष्ट असावंही लागत नाही. पूर्व भागातल्या रेशन दुकानात महिन्याच्या सुरुवातीला जाऊन उभे राहा. एक म्हातारी अक्का, आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. पान कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळायचं, टोक दाबून दुमडायचं, दिवसाला हजाराचा हिशोब. त्यात बोटांवरच्या रेषा झिजतात. दुकानदार म्हणतो, “अंगठा लागत नाही ओ अक्का, दुसरं बोट ठेवा.” ती पदराला बोट पुसते, परत ठेवते. लाल दिवा. मग मधलं बोट, मग डाव्या हाताचं. मागची रांग चुळबुळ करते. शेवटी, “लेकाला घेऊन या, त्याचा लागतो का बघू.” तिच्या मनात पाप नाही, कार्डावर तिचं नाव आहे, दुकानदार तिला वीस वर्षं ओळखतो. तरी तिचं धान्य तिच्या लेकाच्या सुट्टीवर अवलंबून. पर्याय कागदावर आहेत, ओटीपी आहे, डोळ्यांची ओळख आहे. पण मोबाईल लेकाकडे, आणि लेक कामावर.

गोपनीयता काळा पैसेवाल्यांनाच हवी असते

या मुद्द्यावर तर हसू येतं. राजकीय पक्षांना देणग्या देण्यासाठी निवडणूक रोखे आले, ते स्टेट बँकेतून घ्यायचे. कुणी कुणाला किती दिले हे मतदाराला कळायचं नाही. 2017 मध्ये कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही उठवली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा सरकारनं बचाव काय केला? देणगीदाराच्या गोपनीयतेचा हक्क! पाच न्यायाधीशांनी 15 फेब्रुवारी 2024 ला एकमतानं ती योजना घटनाबाह्य ठरवली.

थोडक्यात, विडी कामगार बाईनं अंगठा द्यायचा, आणि पक्षाला कोट्यवधी देणाऱ्या कंपनीचं नाव मात्र झाकून ठेवायचं. मोठ्यांना ही गोष्ट किती मोलाची आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ती चैनीची आहे असं फक्त आपल्याला सांगितलं जातं.

कंपनीला देता, मग सरकारला का नाही?

कंपनीला देतो तेही मुकाट्यानं द्यावं असं कुणी म्हटलं? पण समजा दिलं. कंपनी तुम्हाला तुरुंगात टाकू शकत नाही, हे खरं. मात्र तिच्याकडे गेलेलं सरकारपर्यंत पोहोचायला फार लांबचा पल्ला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 69 संगणकातली आणि फोनमधली माहिती मिळवायची, बघायची, उलगडायची मुभा देतं. 20 डिसेंबर 2018 च्या आदेशात त्यासाठी दहा यंत्रणांची नावं दिली गेली. त्या परवानग्या कोर्ट देत नाही. मागणारंही सरकार आणि मंजूर करणारंही सरकार.

2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही वाचण्यासारखा आहे. कंपनीनं हलगर्जी केली तर 250 कोटींपर्यंत दंड, ही चांगली गोष्ट. पण कलम 17 नुसार केंद्र सरकार सुरक्षेचं आणि सुव्यवस्थेचं कारण देऊन आपल्या हव्या त्या यंत्रणेला या कायद्यातूनच वगळू शकतं. शिवाय याच कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं, आणि कुठल्याही अधिकाऱ्याबद्दल काही विचारलं की ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून परत पाठवणं सोपं झालं. जनहिताची एक वेगळी पळवाट कायद्यात शिल्लक आहे, नाही असं नाही. पण ती उघडायला किती अपिलं करावी लागतात ते माहिती मागणाऱ्याला विचारा. आपण काचेच्या घरात आणि साहेब पडद्याआड, अशी ही मांडणी आहे.

नको असेल तर वापरू नका

नवी पेठेत कपडे घ्या. पैसे रोख मोजून दिलेत, पिशवी हातात यायची आहे, आणि काउंटरवरचा पोरगा म्हणतो, “नंबर सांगा ओ.” कशाला म्हटलं तर, “त्याशिवाय बिलच निघत नाही सिस्टीममधून.” मागं चार जण उभे. सांगून टाकतो आपण. मे 2023 मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना स्पष्ट सांगितलंय की नंबर दिल्याशिवाय बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सिस्टीमला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

ही साधी गोष्ट झाली. कर्ज देणाऱ्या ॲपचं बघा. यंत्रमाग बंद पडला, आठवडी पगार थांबला, घरात दवाखाना निघाला, तर माणूस पाच हजारांसाठी मोबाईलवर बोट दाबतो. ॲप विचारतं: कॉन्टॅक्ट बघू? फोटो बघू? ‘नाही’ म्हटलं की पुढचं पान उघडत नाही. हप्ता चुकला की सासऱ्याला, शेटजीला, पोराच्या मास्तरांना फोन जातात. हा प्रकार इतका माजला की रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर 2022 मध्ये नियम करून सांगावं लागलं की कर्ज ॲपनी मोबाईलमधले कॉन्टॅक्ट, कॉलची यादी आणि फोटो यांना हात लावायचा नाही. ज्याच्या खिशात पाच हजार नाहीत त्याची ‘संमती’ म्हणजे काय, याचं उत्तर त्या फॉरवर्डमध्ये नाही.

सरकार आणि कंपनी मिळून कशी जबरदस्ती करतात तेही आपण विसरलो. आधार जोडा नाहीतर सिम बंद, आधार जोडा नाहीतर खातं बंद, असे रोज मेसेज यायचे. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सिम आणि बँक खात्याची ती सक्ती रद्द केली. तोवर बहुतेकांनी रांगेत उभं राहून जोडून टाकलं होतं.

माझी माहिती, मी देईन

एकच आकडा पुरे. केंब्रिज अॅनालिटिका या कंपनीकडे एका ॲपमधून फेसबुक वापरणाऱ्यांची आणि त्यांच्या मित्रांची माहिती गेली होती. ते ॲप भारतात 335 लोकांनी घेतलं होतं, असं फेसबुकनंच 2018 मध्ये सांगितलं. ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती ते भारतीय 5,62,455. बाकीच्यांना कुणी विचारलंच नव्हतं, त्यांची चूक एवढीच की त्या 335 जणांशी किंवा परदेशातल्या अशाच कुणाशी त्यांची मैत्री होती.

देशाच्या सुरक्षेपुढे हे चोचले

सगळे कॅमेरे काढून टाका असं कुणी म्हणत नाही. आषाढीला पंढरपुरात लाखो लोक चंद्रभागेच्या वाळवंटात उतरतात तेव्हा गर्दीवर नजर हवीच, नाहीतर चेंगराचेंगरीत माणसं मरतील. कॅमेरा कशासाठी, चित्रण बघणार कोण, किती दिवस ठेवणार आणि चुकीचं वापरलं तर दाद कुठे मागायची, एवढंच विचारायचं असतं. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला तेव्हाही तो अमर्याद आहे असं म्हटलं नाही. कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय कामाच्या मानानं अवाजवी नको, एवढ्या अटी घातल्या.

त्या निकालानं उत्तर प्रदेशातल्या खरक सिंह नावाच्या माणसाचं जुनं प्रकरणही मार्गी लावलं. दरोड्याच्या आरोपातून तो पुराव्याअभावी सुटला होता. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची फाईल उघडली, आणि रात्री-अपरात्री येऊन दार ठोठवायचं, झोपेतून उठवायचं सुरू केलं. 1962 मध्ये न्यायालयानं रात्रीच्या भेटी बेकायदा ठरवल्या, पण गोपनीयता असा काही हक्क घटनेत नाही असंही बहुमतानं म्हटलं. ते वाक्य खोडायला पंचावन्न वर्षं लागली.

आणि सुरक्षेसाठी कॅमेरेच हवे असतील, तर 2 डिसेंबर 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे: देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवा, कोठडीपासून व्हरांड्यापर्यंत कुठलाही कोपरा सुटता कामा नये, आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपून ठेवा. सप्टेंबर 2025 मध्ये ठाण्यांतले कॅमेरे चालत नसल्याच्या आणि कोठडीतल्या मृत्यूंच्या बातमीवरून न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मजकूर पाठवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: आपल्या भागातल्या ठाण्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कॅमेरे किती, त्यांतले चालू किती, मागच्या महिन्याचं चित्रण आहे का, हे तीन प्रश्न. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर आलं की तेही त्याच ग्रुपवर टाका.